सात नंबरच्या गाडीचा मालक

किल्ली सिरेलीच्या तळहातावर पडली, मंडपातल्या सगळ्यांनी रीतीप्रमाणे ओंजळी करून दणदणीत टाळ्या वाजवल्या, आणि उनाइसीनं आपल्या नवऱ्याकडे, केमुएलीकडे, वळून पाहिलं.

सासूबाईंचं सुतक सोडायचा दिवस होता. सकाळपासून सगळं रीतीनं चाललं होतं. काळे कपडे उतरले, रंगीत आले. चटया आल्या, मानाचा देवमाशाचा दात या घराकडून त्या घराकडे गेला, मुळांच्या पेयाचं, यंगोनाचं, लाकडी पातेलं भरलं, रिकामं झालं, पुन्हा भरलं. जमिनीतल्या भट्टीतून डुक्कर आणि कसावा निघाला, त्याचा वास सगळ्या नातावोला गावात पसरला. आता नुसतं जेवायचं तेवढं राहिलं होतं. आणि नेमकी तेव्हाच सिरेलीला बोलायची हुक्की आली.

सिरेली म्हणजे केमुएलीच्या थोरल्या बहिणीचा, सालासेइनीचा मुलगा. सुव्हा शहरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्याला कुठं थांबावं ते कळत नाही.

"मामा," तो भर सभेत म्हणाला, हातात यंगोनाची करवंटी, डोळे अंगणात उभ्या असलेल्या बसकडे, "अख्ख्या फिजीत तुमच्या सात नंबरसारखी देखणी गाडी नाही बघा. लहानपणी हिच्या मागच्या सीटवर किती झोपलोय मी! ही गाडी असली ना, तर मला सुव्हात घरसुद्धा नको."

शहरात वाढलेला माणूसच असं बोलू शकतो. गावातलं शेंबडं पोरगंही मामासमोर मामाच्या वस्तूचं कौतुक करत नाही. भाचा म्हणजे मामाच्या घरचा राजा. त्यानं नजर टाकून नाव घेतलं की कोंबडी असो, डुक्कर असो, होडी असो, ती त्याची झाली. मामानं हसत द्यायची, भाच्यानं हसत घ्यायची. आणि एकदा घेतली की परत करायची सोय नाही. परत केली तर अर्थ एवढाच की तुझं देणं मला कमी वाटलं. भर सभेत तसं झालं तर दोन घरांचं येणंजाणं कायमचं तुटतं.

केमुएली क्षणभरही थांबला नाही. कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या खिशातून किल्ली काढली, दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून उठला आणि ती भाच्याच्या हातात ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की उनाइसीला ते ओळखीचंच वाटेना. सिरेलीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या सालासेइनीनं मान खाली घातली, आणि कपबश्यांच्या ट्रेपाशी उभ्या असलेल्या केलेरानं, केमुएलीच्या मुलीनं, तो ट्रे चटईवर असा आदळला की दोन कप फुटले.

दुसरी कुठली गाडी दिली असती तर कोणाला एवढं वाटलं नसतं.

उनाइसीनं नवऱ्याला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. तिच्या माहेरी सगळं गाव एका रेडिओभोवती बसायचं आणि समालोचक ओरडायचा, "पुन्हा केमुएली! पुन्हा सात नंबर!" रग्बीत सात नंबर म्हणजे पडलेल्या चेंडूवर सगळ्यांच्या आधी झेप घ्यायची आणि त्या ढिगाऱ्याखालून सगळ्यांच्या शेवटी उठायचं. देशासाठी तो तसाच खेळला. मग जपानमध्ये एका कारखान्याच्या संघात खेळला, आणि गुडघा गेला तेव्हा घरी आला. परत आलेले बाकीचे खेळाडू यंगोनाच्या पातेल्याभोवती जुने सामने पुन्हा पुन्हा खेळत बसायचे. केमुएली आला तो एक जुनी, आखूड, उंच चाकांची बस घेऊन. लोक म्हणाले, डोक्याला मार लागलेला दिसतोय.

वरच्या खोऱ्यात तेव्हा कुठलीच बस जात नसे. रस्ता कसला, चिखलाचा ओढाच. केमुएलीनं बसवर मोठा सात रंगवला आणि गावच्या संघाला सांगितलं, तुम्हाला सामन्याला फुकट नेतो, पण गाडी अडकली की ढकलायची तुम्ही. गाडी दर फेरीला अडकायची. त्या वर्षी नातावोलाच्या पोरांना मैदानात रेटू शकेल असा एकही संघ भेटला नाही, आणि वरच्या गावांतली पोरं पहिल्यांदा रोज शाळेत जायला लागली. नातेवाईक फुकट बसायला टपलेलेच होते. त्यांच्यासाठी त्यानं दारावर पाटी लावली: 'नातेवाइकांना रविवारी फुकट.' रविवारी गाडी बंद असते हे सगळ्यांना माहीत होतं. लोक हसले, आणि हसतहसत सोमवारचं तिकीट काढायला लागले. असा त्याचा धंदा. कोणाचं मन मोडलं नाही आणि गाडीही बुडू दिली नाही. उनाइसीला त्याचा सगळ्यात जास्त अभिमान वाटायचा तो याच गोष्टीचा, रेडिओवरच्या नावाचा नव्हे.

आता ताफ्यात लांबलचक नव्या गाड्या होत्या, हॉटेलातल्या कामगारांना नेणाऱ्या. पण वरच्या चढावर त्यांची पोटं घासायची. तिथं आजही चढायची ती एकटी सात नंबर.

"आई, मी चालले," केलेरा स्वयंपाकाच्या छपराखाली येऊन म्हणाली.

"कुठं?"

"सुव्हाला. ज्यांनी नोकरीला बोलावलंय त्यांना होकार कळवते. इथं माझं काय काम?"

"आधी ती अळकुड्यांची परात उचल."

"मस्करी करू नकोस. सोमवारी वरच्या गावांतली पोरं शाळेत कशी येणार? बाबा पाठुंगळीला मारून आणणार आहेत? हेडमास्तरांना मी शब्द दिलाय. आपण नाही गेलो तर ते दुसऱ्या कंपनीला बोलावतील, आणि ते गेले की मागोमाग हॉटेलवालेही जातील." तिनं परात बाजूला सरकवली. "जगाला सांगतात, कंपनी माझी मुलगी चालवते. आणि गाडी देताना त्या मुलीकडे नुसतं बघितलंसुद्धा नाही त्यांनी."

पोरगी खरं तेच बोलत होती.

तेवढ्यात केळीच्या झाडांमागून सिरेली आला, चोरासारखा. "मामी, वाचवा मला."

"या मालक," केलेरा म्हणाली. आतेमामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची ही तिथली जुनी मुभा, आणि त्या मुभेला आज तिनं धार लावली होती. "गाडी कुठं ठेवणार? दुकानात, मोबाइलच्या कपाटात?"

"अगं, मी मागितली नाही! सहज बोललो मी."

"तुझ्या सहज बोलण्यानं माझी कंपनी गेली, गाढवा."

"मला गाडी चालवता येत नाही, केलेरा. सायकलवरसुद्धा तोल जातो माझा. पण परत कशी करू? मामांनी सगळ्या गावासमोर दिलीय. परत केली तर माझी आई या गावात पुन्हा पाऊल टाकेल का?"

उनाइसीनं त्याच्या हातात परात दिली. "आत्ता तू काहीच करू नकोस. बोलू तर अजिबात नकोस."

जेवणाच्या चटईवर नेहमीचीच मांडणी झाली. एका टोकाला केमुएली, दुसऱ्या टोकाला सालासेइनी, आणि मध्ये उनाइसी. भाऊ-बहीण वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणून नव्हे. तो आदर असतो, आणि जितका आदर मोठा तितका अबोला पक्का. नवी पोरं हे फारसं पाळत नाहीत, पण या दोघांनी कधी मोडलं नव्हतं. आजवर निरोप न्यायच्या त्या सासूबाई. त्या गेल्यावर ते काम आपोआप सुनेकडे आलं होतं.

"उनाइसी," सालासेइनी ताटाकडे बघत म्हणाली, "त्याला सांग, माझ्या पोराला अक्कल नाही."

मधे फार तर एका माणसाचं अंतर होतं. सगळं ऐकू येत होतं. तरी उनाइसी वळली. "वन्सं म्हणतात, पोराला अक्कल नाही."

"तिला सांग, पोरगं गुणी आहे. गाडीवर त्याचा हक्कच आहे."

"हे म्हणतात, हक्कच आहे."

"त्याला विचार, त्याची स्वतःची मुलगी रडतेय, ते दिसतंय का त्याला?"

उनाइसी निरोप द्यायला वळली. केमुएलीनं हातातला कसावा खाली ठेवला. तो उठला आणि लंगडत अंगणात गेला.

रविवारी चर्च सुटल्यावर उनाइसी केमुएलीला शोधत गाड्यांच्या शेडकडे गेली. रविवारी काम करायचं नसतं, तरी तो सात नंबरच्या काचा पुसत होता. पांढरा सदरा, चर्चचा सुलू, आणि हातात फडकं. ती गाडीच्या पायरीवर बसली.

"पोरगं उगाच बोललं होतं, तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं," तो म्हणाला.

"आणि तरी?"

तो काच पुसत राहिला. मग म्हणाला, "वाळूच्या टेकड्या आठवतात? मी तिथं पळायचो. अनवाणी. वर, खाली, पुन्हा वर. उतरलो की पायथ्याच्या एका दगडावर केळीच्या पानात भाजलेला कसावा असायचा. ताई ठेवून जायची. मी येण्याआधी निघून जायची. रोज."

"हे सांगितलंय तुम्ही."

"बुटांचं नाही सांगितलं." त्यानं फडकं पिळलं. "एक दिवस त्या दगडावर बूट होते. नवे. तिनं लग्नासाठी स्वतः विणलेल्या सगळ्या चटया देऊन आणलेले. सासरी रिकाम्या हातानं गेली ती. त्या घरानं तिला किती वर्षं बोलून दाखवलं, ते आई मला सांगायची. त्या बुटांवर माझी निवड झाली, उनाइसी. जपानमध्ये लोक रस्त्यात थांबवून सही मागायचे, मी एकेकाला वाकून आभार मानायचो. जिचे मानायचे तिच्याशी मला बोलता येत नाही."

एवढ्या वर्षांच्या संसारात उनाइसीनं त्याला अशा आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"आता आई गेली," तो म्हणाला. "ताई या गावाला यायची ती आईसाठी. आता कशाला येईल? माझ्या गाडीत ती कधी चढली नाही. भावाच्या पाठीमागे बसायचं, तोंड मिटून, म्हणून नको वाटायचं तिला. दुसऱ्या कंपनीच्या बससाठी हमरस्त्यापर्यंत चालत जायची, मी आरशातून बघायचो. पोरानं गाडीचं नाव काढलं आणि मला वाटलं, देऊन टाकू. गाडी तिच्या पोराची असली, तर ती चढेल."

"आणि केलेरा?"

"तिथं चुकलं माझं." हे तो लगेच म्हणाला. "तिला विचारायला हवं होतं. मी चेंडू दिसला की झेप घेतो. बाजूला कोण उभं आहे ते बघत नाही."

"मग तिला सांगा. हे सगळं सांगा. दगडापासून."

त्यानं केलेराला बोलावलं. उनाइसी पायरीवरून उठून आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसली. तिथून शब्द ऐकू येत नव्हते, पण केलेरा आधी हात कमरेवर ठेवून उभी होती ते दिसलं, मग हात खाली आले, आणि मग तिनं बापाच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि उरलेली काच स्वतःच पुसायला लागली.

बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. "तरी गाडी गेलीच ना," ती म्हणाली. पण आता ती सुव्हाचं बोलत नव्हती.

"गेली तर गेली. ज्याची आहे त्याच्याकडून काम करून घे," उनाइसी म्हणाली. "सिरेलीला बोलाव. भाच्याला मामाकडून काहीही घेता येतं ना? मग त्याला म्हणावं, मागायचंच तर पुरतं माग."

सिरेली आला, आणि तिघांची डोकी जवळ आली. शेडमधली जागा, वरच्या खोऱ्याची फेरी, हे केलेरानं पटापट ठरवलं.

"वेळापत्रक माझं," तिनं बजावलं. "एक मिनिट उशीर झाला तर मालकालाच गाडी ढकलायला लावीन."

"मालक मी, हुकूम तुझा," सिरेली म्हणाला. "तसंही लग्नानंतर हेच होणार, सवय झालेली बरी."

"तुझ्याशी लग्न कोण करतंय, माकडा?"

"आणखी एक माग," उनाइसी मध्येच म्हणाली. दोघं तिच्याकडे बघायला लागले. तिनं सिरेलीच्या कानात सांगितलं. त्याचे डोळे मोठे झाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तो मोकळं हसला.

निरोपाच्या यंगोनासाठी सगळे पुन्हा मंडपात जमले, तेव्हा सिरेली गुडघ्यांवर पुढे सरकला.

"मामा, गाडी घेतली. आता तिला उभी करायला जागा नको का? तुमच्या शेडमधली जागा मी घेतली."

कोणीतरी खुदकन हसलं. केमुएलीनं भुवई उचलली. "घेतलीस."

"वरच्या खोऱ्याची फेरी घेतली. ती चालवायला मामेबहीण घेतली."

"बहीण ऑफिसातून चालवेल," केलेरा मागून ओरडली.

"आणि मला गाडी येत नाही, म्हणून एक ड्रायव्हर घेतला." सिरेलीनं घसा साफ केला. "मामा, मी तुम्हाला घेतलं."

सभेत असा हशा उठला की यंगोना कालवणाऱ्याचा हात थांबला. म्हातारे मांड्यांवर थापा मारायला लागले. भाच्यानं मामाची डुकरं नेलेली सगळ्यांनी पाहिली होती. खुद्द मामालाच नेलेलं कोणी पाहिलं नव्हतं. केमुएलीनं आधी भाच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. उनाइसी मुद्दाम चटईची कड नीट करत बसली.

"गुडघा दुखतो माझा," तो म्हणाला.

"तो पण घेतला," सिरेली म्हणाला.

मग ओंजळीच्या टाळ्या पडल्या आणि ते पक्कं झालं. सालासेइनी हसली नाही. ती भावाकडे, म्हणजे त्याच्या पायांशी असलेल्या चटईकडे, बराच वेळ बघत राहिली.

सोमवारी सकाळी उनाइसी आणि सालासेइनी फाट्यावर उभ्या होत्या. सालासेइनीच्या काखेत चटईची वळकटी होती आणि पाय सवयीनं हमरस्त्याच्या दिशेनं वळत होते.

"वन्सं, कुठं निघालात? तुमच्या लेकाची गाडी येतेय."

"चालवणारा तोच आहे ना," सालासेइनी म्हणाली.

"असेना. गाडी त्याची नाही आता."

सात नंबर उतारावरून आली, वेळेवर, आत पोरांचा कलकलाट. केमुएली स्टीअरिंगवर होता, छाती ताणून, जणू पुन्हा रेडिओवर त्याचं नाव घेतलं जाणार होतं. ड्रायव्हरमागची सीट रिकामी ठेवून सिरेली दारात उभा होता. सालासेइनी पायरी चढली आणि सवयीनं मागे वळली.

"उनाइसी, त्याला सांग..."

"मी गाडीत नाही, वन्सं," उनाइसी खालून म्हणाली. "आणि इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही."

"माझ्या गाडीचा एक नियम आहे," सिरेली मोठ्यानं म्हणाला. "चढणाऱ्या प्रत्येकाला ड्रायव्हरनं कुठं जायचं ते विचारायचं. सगळ्यांना विचारलंत ना, मामा?"

"विचारलं," मागून एक पोरगी म्हणाली. "मला पण विचारलं!"

केमुएलीचे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले. ज्यानं भर मैदानात भल्याभल्यांच्या अंगावर झेप घेतली होती, त्याला आता मान वळवता येईना. तो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिला.

"कुठं जायचं?" त्यानं विचारलं.

सालासेइनीनं खाली पायरीकडे पाहिलं. उनाइसीला वाटलं, उतरणार, आता उतरणार ही. पण तिनं काखेतली वळकटी सोडली, चटई ड्रायव्हरमागच्या सीटवर अंथरली, आणि तिच्यावर बसली.

"वाळूच्या टेकड्यांशी," ती म्हणाली. "पायथ्याला, दगडापाशी."

केमुएलीनं आरशात पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याला सुचलंही नाही.

"धरून बस, ताई," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी पुढे काढली.